बाबांची करंगळी

परवा गाडीचा टॅक्स भरला. इथे इंग्लंडात, लीड्सला, रात्री अकरा वाजता, ओट्यापाशी उभं राहून. पत्रावरचा सोळा आकडी नंबर टाकला, कार्ड टाकलं, झालं. वर शेवटच्या पानावर विचारतात, आजच्या सेवेबद्दल कसं वाटलं? खूप समाधानी ते खूप असमाधानी असे पाच पर्याय, आणि खाली रिकामा चौकोन, काय सुधारू सांगा.

मी त्या चौकोनाकडे बघतच बसले, कारण त्याच दुपारी बाबांचा फोन आलेला. नोव्हेंबर म्हणजे पेन्शनसाठी हयातीचा दाखला, आणि मशीनवर अंगठा उठत नाही. जन्मभर वर्कशॉपमध्ये घासलेली बोटं ती, रेषा राहतीलच कशा. केंद्रावरचा मुलगा म्हणाला, काका, बोट केसांवर घासा. बाबांना केस कुठायत! शेवटी "उद्या या".

इथे सरकारी ऑनलाईन सेवांना चार गोष्टी मोजायला सांगितल्यात: एका व्यवहाराला खर्च किती, लोक समाधानी किती, ऑनलाईन येतात किती, आणि सुरुवात केलेल्यांपैकी शेवटपर्यंत पोचतात किती. मी अडकले ती या चौथ्यावर. म्हणजे मधेच कंटाळून उठून गेलेला माणूससुद्धा मोजायचा! आपल्याकडे नोव्हेंबरात कोटीच्या वर डिजिटल दाखले निघाल्याची बातमी येते, पण "उद्या या" ऐकून घरी गेलेले किती, हे मी तरी पेपरात कधी वाचलं नाही.

लगेच गोऱ्यांची आरती ओवाळतेय असं म्हणू नका हां. यांनीच 2016 ला व्हेरिफाय नावाची ऑनलाईन ओळख काढली, 2020 पर्यंत अडीच कोटी लोक येणार म्हणाले, फेब्रुवारी 2019 पर्यंत आले 36 लाख, आणि ओळख पटायची शंभरातल्या 48 जणांची. 2023 ला गाशा गुंडाळला. आपला भाजीवाला कोथिंबिरीचे दहा रुपये क्यूआरवर घेतो, ते इथे अजून नाही. आणि घरबसल्या मोबाईलला चेहरा दाखवून हयातीचा दाखला काढायची सोय आपल्याकडे 2021 पासून आहेच की! बाबांच्या फोनमध्ये मीच ती करून द्यायला हवी होती, कबूल, पण मागच्या ट्रिपला सतरा दिवस, त्यातले पाच चुलतभावाच्या लग्नात आणि दोन तापात गेले.

"खूप समाधानी" वर टिक केलं, चौकोन रिकामाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी बाबांचा फोन, भलतेच खुशीत. सगळी बोटं लावून झाली, शेवटी डाव्या हाताची करंगळी चालली. म्हणाले, "यंदा करंगळीपुरता जिवंत आहे गं मी."