पगारकपातीच्या कागदावरची तारीख

एप्रिल २०२०. दुबईत चोवीस तासांची संचारबंदी होती. किराणा आणायला खाली उतरायचं तरी ऑनलाइन परवाना काढावा लागे. अशात एका दुपारी एचआरचा ईमेल आला: पगारात ३० टक्के कपात, पुढील सूचना मिळेपर्यंत, संध्याकाळपर्यंत सही करून पाठवा. सोबत एक पानाची पीडीएफ होती. झेरॉक्सची दुकानं बंद, म्हणून मोबाइलच्या स्क्रीनवर बोटानंच सही करायची होती. 'कालावधी' या शब्दापुढची जागा कोरी होती.

रात्री घरी फोन केला तेव्हा भाऊ तावातावाने म्हणाला, "असा कसा पगार कापतात? इथे सरकारनं सांगितलंय, पूर्ण पगार द्या." त्याचं खरं होतं. केंद्रीय गृहमंत्रालयाचा २९ मार्चचा आदेश तसाच होता. पण तो भारतातल्या मालकांना. (पुढे मे महिन्यात तोही मागे घेतला गेला, आणि १२ जूनला सर्वोच्च न्यायालयानं मालक-कामगारांनी आपसात बोलून मार्ग काढावा असं म्हटलं.)

इथला नियम वेगळा होता. अमिरातीच्या मनुष्यबळ मंत्रालयानं २६ मार्चला २०२० चा २७९ क्रमांकाचा ठराव काढला. त्यात मालकांना पायऱ्या घालून दिल्या होत्या: आधी घरून काम, मग भरपगारी रजा, मग बिनपगारी रजा, त्यानंतर तात्पुरती पगारकपात आणि सगळ्यात शेवटी कायमची. हा ठराव होता फक्त परदेशी कर्मचाऱ्यांसाठी. हे वाचून मला वाईट वाटलं, आजही वाटतं. पण त्याच ठरावात एक शब्द आमच्या बाजूचा होता: संमती. कामगाराशी सहमती झाल्याशिवाय पगार कापता येत नव्हता. तात्पुरत्या कपातीसाठी कराराला जोडपत्र हवं, त्याच्या दोन प्रती हव्यात, एक कामगाराकडे राहिली पाहिजे आणि मंत्रालयानं मागितलं तर मालकानं ते दाखवलं पाहिजे. दुबईच्याच डीआयएफसी या फायनान्स फ्री झोनमध्ये तर, जिथे कायदाच वेगळा, काही काळ ५ दिवसांच्या लेखी नोटिशीवर संमतीविना पगार कमी करण्याची मुभा होती. म्हणजे दोन मेट्रो स्टेशनं पलीकडे काम करणाऱ्या माणसाच्या हातात ही सहीसुद्धा नव्हती.

आता ज्याचा व्हिसाच नोकरीला बांधलेला, विमानं बंद, गावी कर्जाचे हप्ते चालू, त्याची संमती ती किती खरी? एचआरमधली बाई फोनवर प्रेमानं बोलली, पण "सही केली नाही तर पुढचं मला सांगता येणार नाही" हेही म्हणालीच. नाही म्हणण्याची माझी ताकद नव्हती. मी एवढंच लिहून कळवलं, की कोऱ्या जागेत तारीख घाला आणि तुमच्या सहीची माझी प्रत पाठवा. दोन दिवस उत्तर नाही. ते दोन दिवस मला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी नवी पीडीएफ आली, '३० जून २०२०पर्यंत' असं लिहिलेली. मग मी सही केली. पुढे ती मुदत आणखी तीन महिन्यांनी वाढली, तेव्हाही नवा कागद, नवी तारीख. ऑक्टोबरचा पगार पूर्ण जमा झाला.

आमच्या शेजारच्या खोलीतले रत्नागिरीचे दादा एका हॉटेलात आठ वर्षं होते. त्यांच्याकडूनही सही घेतली होती. मी म्हटलं, "दादा, कागद दाखवा जरा." ते जोडपत्र नव्हतंच. मूळ लेबर कॉन्ट्रॅक्टच बदलण्याचा अर्ज होता तो, म्हणजे कायमची कपात. बेसिक, म्हणजे भत्ते सोडून मूळ पगार, ४००० दिरहमवरून ३००० वर. "अरे, सगळ्यांनीच केली सही," ते म्हणाले. "हॉटेल सुरू झालं की वाढवतील."

इथे पीएफ नाही. परक्या माणसाला नोकरी सोडताना हाती लागते ती ग्रॅच्युइटी: पहिल्या पाच वर्षांना वर्षाला २१ दिवसांचं बेसिक, त्यापुढच्या वर्षांना ३० दिवसांचं. आणि हिशेब धरतात तो शेवटच्या बेसिकवर. आधीची सगळी वर्षं ४००० वर राबलात, तरी मोजणी ३००० नंच. कपात तात्पुरती असती, तर करारातला मूळ आकडा जागेवर राहिला असता.

दादा २०२१ च्या सुरुवातीला कायमचे गावी गेले. बेसिक वाढलं नव्हतं. निघायच्या आदल्या रात्री त्यांनी मला बॅगेवर वही ठेवून हिशेब करायला लावला. आठ वर्षांचे १९५ दिवस. ३००० नं १९,५०० दिरहम. ४००० नं २६,०००. "परत एकदा कर," ते म्हणाले. मी परत केला. साडेसहा हजार दिरहमचा फरक, म्हणजे आपले सव्वा लाखाच्या वर. त्यांनी वहीचं ते पान फाडून घेतलं, घडी घालून पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवलं आणि बॅगेची चेन ओढली.