सोनं हिरवं पडतं का?

श्रावणात वेंगुर्ल्याहून फोन आला. गणपतीच्या खोलीत छताला लावलेली सोन्याच्या वर्खाची पानं हिरवी पडलीत, चतुर्थीआधी येऊन बघा. निदान फोनवरच झालं होतं, तरी गेलो.

घर समुद्राला लागूनच. पीओपीच्या छतावर हिरवट-काळे डाग, खिडकीकडे जास्त. शिडीवर चढून पानांच्या सांध्यांमधलं अंतर मोजलं, साडेपाच इंच. अस्सल सोन्याचं पान सहसा सव्वातीन इंचांच्या आसपास येतं. हे पितळ होतं, म्हणजे तांबं आणि जस्त. लावणाऱ्याच्या घामेजल्या बोटांचे ठसेसुद्धा तपकिरी होऊन वर आले होते!

खालून आजींचा आवाज, "आमका सोन्याचो वर्ख म्हणान सांगल्यानी. मगे हिरवो कशाक पडलो?"

खरवडलेल्या कपच्यावर नायट्रिक आम्लाचा थेंब टाकला. फेस आला, थेंब निळा-हिरवा झाला, सोनेरी रंग गायब. माझ्याकडच्या चोवीस कॅरेटच्या पानाचा तुकडा दुसऱ्या थेंबात तसाच चकाकत राहिला.

पितळी पान मीही लावतो, पण वर लॅकरचा, म्हणजे पारदर्शक वार्निशचा, हात देऊनच. खाऱ्या दमट हवेत उघडं पितळ टिकत नाही. इथे लॅकर नव्हताच, आणि पैसे मात्र सोन्याचे घेतलेले.

छतभर सोन्याचा खर्च ऐकून आजी म्हणाल्या, "माटवी बांधल्यार छत दिसता खंय?" माटवी म्हणजे गणपतीच्या वर टांगतात ती फळापानांची चौकट. छताला पांढरा रंग आणि सोनं फक्त मखराच्या कमानीला, असं ठरलं.

कमानीला आधी तांबडा रंग, घासून गुळगुळीत, मग पाण्यातला साइझ, म्हणजे पान चिकटवायचा गोंद. दुधी साइझ वीसेक मिनिटांत पारदर्शक होतो म्हणतात. पावसाळी कोकणात तो आपल्या सवडीने होतो. बोटाचं पेर टेकवलं की ओढ लागावी, पण बोटाला काही येऊ नये. मग खारीच्या केसांचा चपटा ब्रश गालावर फिरवायचा. तेवढ्या तेलकटपणाने पान उचललं जातं. बोटाने उचलायला गेलात तर संपलंच, कारण जाडी जेमतेम मिलिमीटरचा दहा हजारावा भाग. म्हणून खिडक्या बंद, पंखा बंद, घामाच्या धारा.

कमान संपत आली आणि नातवाने पंखा लावला. ब्रशवरचं पान उडालं ते थेट ओलसर भिंतीला चिकटलं. मी पुसायला फडकं घेतलं.

"रवांदे तां थंयच," आजी म्हणाल्या, "पैशे दिलंय मां त्येचे!"