तेरा आठवड्यांचा तक्ता: नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या युनिटचा माझा अनुभव

मार्चमध्ये वर्षाचं बजेट बसवायचं आणि दिवाळीपर्यंत उघडायचं नाही, हे आमच्या फॅब्रिकेशन (पोलाद कापून-जोडून वस्तू बनवण्याच्या) युनिटमध्ये चालेनासं झालं. पोलादाचा भाव, मोठ्या गिऱ्हाइकाची ऑर्डर आणि पैसे येण्याची तारीख एकदम हलली की वर्षाचा अंदाज बँकेला दाखवण्यापुरता उरतो. म्हणून आम्ही पुढच्या १३ आठवड्यांचा रोखीचा तक्ता धरला. दर सोमवारी गेलेला आठवडा खोडायचा आणि शेवटी एक नवा जोडायचा.

देण्याची बाजू सोपी, कारण तारखा ठरलेल्या: ७ ला टीडीएस (पैसे देताना कापलेला आयकर), १५ ला पीएफ आणि ईएसआय (कामगार विमा), २० ला जीएसटी, शिवाय पगार, वीजबिल, हप्ते. नफा-तोटा पत्रक इथे कामाचं नाही, पैसे नेमके कधी जातात ते त्यात दिसत नाही. बिल फाडलं की जीएसटी भरावाच लागतो, गिऱ्हाइकाने पैसे दिलेले असोत की नसोत.

तक्ता बिघडतो तो येण्याच्या बाजूला. पीओवर (गिऱ्हाइकाच्या खरेदी ऑर्डरवर) ४५ दिवस लिहिलंय म्हणून ४५ धरू नका. त्या गिऱ्हाइकाच्या मागच्या सहा बिलांचे पैसे खात्यात किती दिवसांनी पडले ते बघा आणि त्यातला उशिराचा आकडा लिहा.

खरा धोका सीसी (कॅश क्रेडिट) खात्यात असतो. यात बँक माल आणि उधारीच्या तारणावर ठरलेल्या लिमिटपर्यंत पैसे उचलू देते. समजा लिमिट ५० लाखांची आहे. स्टॉक ४० लाख, पुरवठादारांचं देणं ३० लाख, गिऱ्हाइकांकडची ९० दिवसांच्या आतली उधारी ६० लाख. स्टॉकमधून देणं वजा करून त्यात उधारी मिळवायची. त्यातून २५ टक्के मार्जिन (आपला स्वतःचा वाटा) वजा जाता ड्रॉइंग पॉवर, म्हणजे प्रत्यक्ष उचलता येणारी रक्कम, साडेबावन्न लाख, म्हणजे पूर्ण लिमिट मोकळी. आता यातली २० लाखांची बिलं ९० दिवस ओलांडून गेली, की ड्रॉइंग पॉवर थेट साडेसदतीस लाखांवर. ऑर्डर तेवढीच, काम तेवढंच, पण वापरायला साडेबारा लाख कमी. मार्जिन आणि दिवस बँकेगणिक बदलतात, ते मंजुरीपत्रात बघून घ्या. आम्ही ७५ दिवस झालेल्या बिलावर खूण करतो, म्हणजे वसुलीला पंधरा दिवस हातात राहतात.

उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म-लघु उत्पादकाला बिलाचे पैसे वेळेत मिळावेत म्हणून २००६ च्या एमएसएमई कायद्याचा आधार आहे: लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. २०२३-२४ पासून मुदत टळली तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात धरता येत नाही. मार्चमध्ये एवढी आठवण बहुतेक अकाउंट विभागांना पुरते. सरकारी पोर्टलवर तक्रारही करता येते, पण ती पुढच्या ऑर्डरींवर पाणी सोडायची तयारी असेल तरच.

व्यवस्थापनातला मोठा बदल वेगळाच. निर्णय घाबरल्यावर घ्यायचे नाहीत, आधी ठरवून ठेवायचे. तक्त्यातल्या कुठल्याही आठवड्याची शिल्लक युनिटच्या महिन्याच्या एकूण पगाराखाली गेली, तर ओव्हरटाइम बंद आणि नव्या मशीनची खरेदी पुढे ढकलायची. अर्ध्या पगाराखाली गेली, तर मालकांची उचल बंद आणि कच्चा माल फक्त हातातल्या ऑर्डरपुरता. माणसं कमी करणं सगळ्यात शेवटी. चांगला टिग वेल्डर (बारीक, सफाईदार वेल्डिंगचा कारागीर) एकदा गेला की ऐन हंगामात सापडत नाही. जुलैत भंडारा-गोंदियाकडची पोरं धानाच्या रोवणीला गावी जातात, ती गैरहजेरी मंदीच्या हिशेबात धरायची नाही.

कोटेशनची मुदत सात दिवस, त्यावर पोलादाचा त्या दिवसाचा भाव लिहिलेला. दहा हजारांपर्यंतचा खर्च सुपरवायझरने न विचारता करावा. दर तोडायचा अधिकार मात्र एकाकडेच.

ओव्हरटाइम बंद करायचा तर त्याच दिवशी शेडमध्ये उभं राहून सांगा: काय बंद, काय चालू, पुढची खबर कधी. नाहीतर चहाच्या टपरीवर 'कंपनी बंद पडते' हे आधी पोहोचतं. तक्त्यात दिसत नाही ते वचन देऊ नका, बोनसचं तर नाहीच. ऑगस्टच्या मध्यापर्यंत तक्त्यात दिवाळी दिसू लागते. बोनस कायद्यात बसणाऱ्या युनिटने किमान ८.३३ टक्क्यांची रक्कम तेव्हाच दिवाळीच्या आठवड्यात लिहून टाकावी, कारण नेमक्या त्याच दिवसांत गिऱ्हाइकांची अकाउंट ऑफिसं सुटीवर असतात.