बैलाची गोचीड, गाईचा ताप

सांगोल्याकडची एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन, परदेशी दुधाळ जात) संकरित गाय, व्यायला महिना झालेला. ताप १०६. खांद्यापुढची गाठ लिंबाहून मोठी, पापणी उलटली तर पांढरीफटक. लघवी लाल नव्हती. तीन दिवस कुणीतरी नुसती तापाची इंजेक्शनं टोचलेली. आमच्या जनावरांच्या डॉक्टरांच्या धंद्यात हे नवं नाही, रोग बघायच्या आधी सुई बाहेर येते.

कानाच्या शिरेचा थेंब काचपट्टीवर पसरला, गाठीत सुई घालून दुसरा घेतला. जिम्सा हा रंग लावल्यावर तांबड्या पेशींत ठिपके, गाठीच्या थेंबात पांढऱ्या पेशींमध्ये निळे गोळे. थायलेरिया, गोचीडीनं पसरणारा रक्तातल्या जंतूंचा रोग. त्यावरचं औषध बुपार्व्हाक्वोन, २० किलोला १ मिली, म्हणजे ४०० किलोच्या गाईला २० मिली. मानेत खोल, आणि एका जागी १० मिलीच्या वर नाही. नाहीतर सूज येते, मालक वैतागतो. गाय चौथ्या दिवशी वैरणीला लागली.

माझं डोकं मात्र गोठ्यातच अडकलंय. मालक दर आठ दिवसाला गाईवर फवारा मारत होता. मिलीला साडेबारा मिलिग्रॅमचं डेल्टामेथ्रिन हे गोचीडनाशक, लिटरला २ मिली, प्रमाण बरोबर. पण पाठीवरनं, केसांच्या दिशेनं. गोचीड असते कानात, कासेच्या खाचेत, शेपटीखाली. तिथं पाणी पोचतच नाही. केसांच्या उलट मारून ब्रशनं चोळावं लागतं. आणि भिंत? दगडमातीची, प्रत्येक फटीत अंडी. रक्त पिऊन टम्म झालेली मादी खाली पडते, फटीत शिरते आणि हजारोंनी अंडी घालते. मागच्या भेटीत भिंतीचं मीही बोललो नव्हतो.

शेजारच्या दावणीला खिलार बैल होता, तकतकीत. ही गोचीड रोग अंड्यातून पुढं देत नाही. लहानपणी आजारी किंवा बरं झालेलं जनावर चावून रोग घेते, खाली पडून कात टाकते आणि मोठी झाल्यावर दुसऱ्याला देते. देशी जनावर बहुधा सोसून जातं, पण रोगाचे जंतू त्याच्या रक्तात राहतात. म्हणजे गाईला चावलेली गोचीड आधी या बैलावर जेवली असावी. नक्की सांगता यायचं नाही, पण दुसरं जनावर गोठ्यात नव्हतं.

फटी सिमेंटनं बुजवा, फ्लेम गन फिरवा, बैलालाही फवारा, म्हणून सांगितलं. मालक बैलाच्या वशिंडावर हात ठेवून म्हणाला, “सायेब, तेला काय धाड भरलीया?”