बिरकत अल मौझ: अर्ध्या तासाचं पाणी

मस्कतहून निझव्याला जाताना थोडं अलीकडेच बिरकत अल मौझ लागतं. नावाचा अर्थ केळ्यांचं तळं. केळीच्या जळगाव जिल्ह्यातला, यावलचा माणूस हे ऐकून गाडी थांबवणार नाही तर काय! केळी थोडीच, बाकी खजूरच खजूर. पण बागेच्या कडेचा पाट बघत बसलो आणि निझव्याचा किल्ला राहूनच गेला.

पाटाला इथे फलज म्हणतात. हा फलज अल खतमैन, २००६ साली युनेस्कोच्या यादीत गेलेल्या ओमानच्या पाच फलजांपैकी एक. डोंगराच्या बाजूला खोल मूळ विहीर, तिथून जमिनीखालच्या बोगद्यातून नुसत्या उतारानं पाणी गावात येतं. ना मोटर, ना लाइट जायची कटकट. आधी पिण्याला, मग मशिदीला, मग खजुराला आणि उरलं तर शेवटच्या, हंगामी पिकांच्या जमिनीच्या तुकड्यांना. पाळी वेळेवर ठरते. एक ‘अथर’ म्हणजे अर्धा तास. पूर्वी दिवसा काठीच्या सावलीवर, रात्री ताऱ्यांवर मोजायचे. पाण्याचा हक्क जमिनीपासून वेगळा; विकताही येतो.

तेवढ्यात एक बांगलादेशी कामगार आला. मोबाइलवर वेळ पाहिली, दगडाला गुंडाळलेलं ओलं फडकं पाटाच्या एका तोंडातून उपसलं, दुसऱ्यात कोंबलं. फटीतून पाणी झिरपत होतं तिथं पायानंच चिखल दाबला. आमच्याकडे यालाच दारं मोडणं म्हणतात.

बागेचे म्हातारे मालक मोडक्या हिंदीत म्हणाले, “पानी पहले जैसा नहीं.” पाऊस कमी झाला, हे एक. मग त्यांनी लांबच्या शेतांकडे बोट केलं, “पंप.” मूळ विहिरीच्या आसपास नवी विहीर खणायला बंदी आहे. पण लांबच्या बोअरचं पाणी तरी दुसऱ्या कुठल्या पोटातून येणार? फलज आपसूक येईल तेवढंच देतो. पंप खाली गेलेल्या पाण्याचा पाठलाग करतो. ओमानच्याच बातिना किनारपट्टीवर तर एवढा उपसा झालाय की विहिरींत समुद्राचं खारं पाणी शिरलंय.

पाटाच्या शेपटाकडचे तुकडे कोरडे पडले होते. तिथे काय पिकायचं, विचारलं. “गेहूँ, लहसुन.” मी नुसती मान हलवली. आमच्या बोअरनंतर चुलत्यांची विहीर आटली, हे त्यांना सांगितलं नाही.

रात्री वडिलांना फोन केला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “तिकडे बोअरला किती फुटांवर पाणी लागतं?”