वायफाय दिसतं, पण लॅपटॉप जोडला जात नाही

त्याच वायफायवर मोबाइल नीट चालत होता, म्हणजे लाइन आणि राउटर शाबूत. लॅपटॉपच्या यादीत नेटवर्कचं नावही येत होतं, म्हणजे वायफाय कार्ड आणि ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) निदान जिवंत. (नावच आलं नसतं तर आधी एअरप्लेन मोड तपासला असता, आणि मग कार्डाला ५ गिगाहर्ट्झ चालतं का ते. फक्त २.४ वर चालणारं जुनं कार्ड ५ चं नेटवर्क दाखवतच नाही.) पासवर्ड टाकला की थोडा वेळ चक्र फिरायचं आणि जोडता येत नाही, एवढाच निरोप यायचा.

आधी ‘फर्गेट’ करून नेटवर्क नव्याने जोडून पाहिलं. विंडोज पासवर्डाबरोबर सिक्युरिटीचा प्रकारही साठवून ठेवतं, त्यामुळे राउटरवर तो बदलला असेल तर जुनी नोंद आडवी येते. इथे काही फरक पडला नाही. राउटर बंद-चालू करूनही तेच.

मग कमांड प्रॉम्प्टवर ‘नेटएसएच डब्ल्यूलॅन शो ड्रायव्हर्स’ ही कमांड दिली. वायफायच्या तक्रारीत माझ्या मते याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही, आणि नेमकं तेच सहसा कुणी बघत नाही. कार्डाला काय काय चालतं ते सगळं इथे येतं. ऑथेंटिकेशनच्या (पासवर्ड पडताळायच्या पद्धतींच्या) यादीत डब्ल्यूपीए२-पर्सनल होतं, त्याहून नवं डब्ल्यूपीए३-पर्सनल नव्हतं. राउटरचं पान मोबाइलवरून उघडलं. त्याचा पत्ता म्हणजे वायफायच्या तपशिलात दिसणारा गेटवे, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. तिथे वायरलेस सिक्युरिटीत फक्त डब्ल्यूपीए३ निवडलेलं. मोबाइल नवा असल्याने त्याचं काही अडलं नव्हतं.

डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ असा मिश्र पर्याय निवडून सेव्ह केलं आणि लॅपटॉप जोडला गेला. काही जुनी कार्डं मिश्र पर्यायावरही हटून बसतात, तेव्हा २.४ गिगाहर्ट्झला वेगळं नाव देऊन त्यावर निव्वळ डब्ल्यूपीए२-एईएस ठेवावं. डब्ल्यूईपी किंवा टीकेआयपी या जुन्या, कमकुवत पद्धतींपर्यंत मात्र खाली उतरू नये. सुरक्षा तर जातेच, शिवाय वेगही ५४ एमबीपीएसवर अडकतो.

जोडला गेला खरा, पण खाली ‘नो इंटरनेट’. ‘आयपीकॉन्फिग’ (लॅपटॉपचा नेटवर्कवरचा पत्ता दाखवणारी कमांड) पाहिलं तर पत्ता १६९.२५४ ने सुरू होणारा. असा पत्ता राउटर देत नाही; राउटरकडून उत्तर आलं नाही की विंडोज स्वतःच तो लावून घेतं. अशा वेळी डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) बदलण्यात वेळ घालवू नये, गाडी अजून तिथवर पोचलेलीच नसते. राउटरच्या डीएचसीपीच्या (उपकरणांना पत्ते वाटणाऱ्या सोयीच्या) पानावर रेंज १९२.१६८.१.१०० ते १०९, म्हणजे दहाच पत्ते, आणि दहाही वाटून झालेले. लीज, म्हणजे दिलेल्या पत्त्याची मुदत, २४ तासांची, त्यामुळे बंद पडलेल्या उपकरणांचे पत्तेही अडकून राहिलेले. त्यात काही फोन आपला मॅक पत्ता (राउटर उपकरण ज्यावरून ओळखतो तो क्रमांक) अधूनमधून बदलतात आणि एकच फोन दोन पत्ते धरून बसतो. मोबाइलकडे आधीचा पत्ता होता म्हणून त्याला काही कळलंही नव्हतं. रेंज १९९ पर्यंत वाढवली, लॅपटॉपवर ‘आयपीकॉन्फिग /रिन्यू’ दिलं आणि १९२.१६८.१.११० मिळाला.

शेवटी ओळीने तीन पिंग (समोरून उत्तर येतं का ते पाहणारी कमांड): गेटवे, ८.८.८.८ (इंटरनेटवरचा गूगलचा सर्व्हर) आणि एखाद्या साइटचं नाव. पहिले दोन लागून तिसरा अडला तरच दोष डीएनएसचा. इथे तिन्ही लागले.

‘नेटवर्क रिसेट’ला हात लावला नाही. त्याने साठवलेली सगळी वायफाय नेटवर्कं पुसली जातात, व्हीपीएनही पुन्हा बसवावं लागू शकतं, आणि वरचे दोन्ही दोष राउटरवरचे असल्याने ते जागच्या जागीच राहिले असते. झोपेतून उठल्यावर वायफाय गळत असेल तर तो प्रकार वेगळा: डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये जाऊन, वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करायची परवानगी देणारी खूण काढून टाकायची.