सगळी शिकागोचीच कशी काय?

गणपतीत आमच्या घरी पन्नासेक माणसं येतात. आरती झाली, मोदक संपले, की मोठी माणसं वर गप्पांत रमतात आणि पोरं तळघरात पळतात. तिथे माझी तीन जुनी पिनबॉल मशिनं आहेत. थोड्या वेळाने पोरांना बोलवायला म्हणून खाली आलेले बाबालोक स्वतःच खेळत उभे असतात. मग एखादा काचेच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचतो, शेजारच्या मशीनवरची वाचतो, तिसऱ्यावरची वाचतो आणि विचारतो, "अरे, कंपन्या तीन वेगवेगळ्या, मग सगळी शिकागोचीच कशी काय?"

दरवर्षी पायरीवर उभं राहून अर्धवट उत्तर देतो आणि वरून कॉफीची हाक आली की ते तिथेच सुटतं. तुम्हीही हाच प्रश्न विचारलात, म्हणून यंदा लिहूनच टाकतो.

ज्यांचं बालपण ऐंशी-नव्वदच्या दशकात गेलं, त्यांना लाकडी बॅगाटेल आठवत असेल. खिळे ठोकलेली फळी, उजवीकडे स्प्रिंगचा दांडा, लोखंडी गोळ्या, आणि मे महिन्याच्या सुट्टीत त्यावरून भावंडांची मारामारी. पिनबॉल म्हणजे तेच बॅगाटेल, फक्त पुढे त्याला पाय फुटले आणि अंगात वीज आली. 1931 साली शिकागोच्या डेव्हिड गॉटलीबने 'बॅफल बॉल' नावाची पेटी काढली तेव्हा यातलं काहीच नव्हतं. दुकानाच्या काउंटरवर मावेल एवढी पेटी, किंमत साडेसतरा डॉलर. महामंदीत माणसांकडे काम नव्हतं, वेळ भरपूर होता आणि खिशात एखादं नाणं असायचं. पेट्या पन्नास हजारांवर खपल्या.

गॉटलीबचा माल विकणाऱ्यांत रे मोलोनी नावाचा एक माणूस होता. गिऱ्हाईक दारात उभं आणि कारखान्यातून पेट्या वेळेवर येईनात. वैतागून त्याने स्वतःचीच पेटी काढली, नाव 'बॅलीहू'. तीही पन्नास हजारांवर गेली, आणि पुढे जगभर गाजलेली 'बॅली' कंपनी त्यातूनच उभी राहिली. म्हणजे पहिला मोठा प्रतिस्पर्धी जन्मला तो मालाच्या टंचाईतून. खेळातल्या एखाद्या नव्या कल्पनेचा त्यात संबंध नव्हता.

पण कालचा विक्रेता काही महिन्यांत कारखानदार कसा होतो? माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे, आणि मला ते कोल्हापूरमुळे पटकन कळलं. माझे वडील उद्यमनगरात लेथ चालवायचे. त्यांच्या शेडमध्ये टर्निंग, पलीकडे ड्रिलिंग, गल्लीच्या टोकाला प्लेटिंग. माल सायकलच्या कॅरियरवरून फिरायचा. कुणाला वाटलं की आपण पंप बनवावा, तर त्याला कारखाना उभारावा लागत नसे, गल्लीत एक चक्कर मारावी लागे. शिकागो ही तसलीच गल्ली, फक्त फार मोठी. नाणं टाकून चालणारी जुगाराची यंत्रं मिल्स नॉव्हेल्टी तिथे पिनबॉलच्या आधीपासून बनवत होती. सीबर्ग आणि रॉक-ओला या ज्यूकबॉक्सवाल्या, म्हणजे नाणं टाकलं की गाणं वाजवणाऱ्या पेट्यांच्या, कंपन्या तिथल्याच. लाकडी पेट्या बनवणारे सुतार होते, काचेवर रंगीत चित्रं छापणारे होते. शहराला लागून सिसेरोमध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिकचा हॉथॉर्न कारखाना होता. तिथे टेलिफोनचं सामान तयार व्हायचं, आणि टेलिफोन एक्स्चेंज म्हणजे हजारो रिलेंचा, विजेने उघडझाप होणाऱ्या खटक्यांचा, बाजार. जुन्या पिनबॉल मशीनचं झाकण उघडलंत तर आत छोटं एक्स्चेंजच दिसेल. गोळी बंपरला लागली की एक रिले ओढला जातो, तो दुसऱ्याला उठवतो, आकड्यांचं चाक एक घर पुढे सरकतं. संगणक नाही, चिप नाही. नुसतं टक-टक-टक.

माणसंही याच गल्लीत फिरायची. स्टीव्ह कोर्डेकची गोष्ट मला फार आवडते. 1937 साली हा तरुण शिकागोत काम शोधत हिंडत होता. पाऊस आला म्हणून एका इमारतीच्या दारात शिरला. ती निघाली 'जेन्को' या पिनबॉल कंपनीची. आतल्या बाईंनी विचारलं, काम हवंय का? लागला सोल्डरिंगला. दहा वर्षांनी, 1947 मध्ये, गॉटलीबच्या 'हम्प्टी डम्प्टी'त हॅरी मॅब्सने पहिल्यांदा विजेवर चालणारे फ्लिपर, म्हणजे बटण दाबलं की गोळीला परत वर टोलवणारे छोटे दांडे, बसवले, एकूण सहा. त्यांच्यात जोर बेताचाच. बाजारात एकच गडबड उडाली, ज्याच्या त्याच्या मशीनला फ्लिपर हवे झाले. जेन्कोसाठी ते काम कोर्डेककडे आलं. त्याने दोनच बसवले, अगदी खाली, फक्त आजच्या उलट बाहेरच्या बाजूला तोंड करून, आणि त्यांना डीसी करंट देऊन ताकद वाढवली. सहा कशाला, दोनात भागत असेल तर? आज जगात कुठेही पिनबॉल खेळलात तरी तुमच्या दोन बोटांखाली जे दोन फ्लिपर असतात, त्यांच्या मुळाशी 1948च्या 'ट्रिपल अॅक्शन'मधली ही काटकसर आहे. कोर्डेक 2012 मध्ये गेला, वयाच्या शंभराव्या वर्षी.

'टिल्ट'ची, म्हणजे मशीन हलवलं की खेळ बंद करणाऱ्या युक्तीची, गोष्टही अशीच. लोक पेटी उचलून, थोपटून गोळी हवी तिकडे वळवायचे. पुढे 'विल्यम्स' कंपनी काढणाऱ्या हॅरी विल्यम्सने म्हणे सुरुवातीला पेटीच्या तळातून खिळेच ठोकले, टोकं खाली. हात घालाल तर टोचेल! मग त्यालाच ते क्रूर वाटलं असावं. पुढे जी युक्ती टिकली ती गवंड्याच्या ओळंब्याची. एका कडीच्या मधोमध वजन लोंबकळतं, मशीन जास्त हललं की वजन कडीला टेकतं, सर्किट पुरं होतं आणि खेळ बंद. माझ्याकडच्या तिन्ही मशिनांत तो ओळंबा आहे. पोरांना मी सगळ्यात आधी तोच दाखवतो.

आता यातली गंमत अशी, की ज्या शहरात ही मशिनं बनत, त्याच शहरात ती खेळायला अनेक वर्षं बंदी होती. बारमालक जिंकलेल्या फ्री गेमच्या बदल्यात गुपचूप रोख पैसे देत, म्हणून कायद्याच्या लेखी हा जुगार. न्यूयॉर्कने 1942 मध्ये बंदी घातली. महापौर ला गार्डिया स्वतः घण घेऊन मशिनं फोडतानाचे फोटो आहेत. शिकागोतली बंदी सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत टिकली. म्हणजे दिवसभर लाइनवर मशिनं जोडायची आणि संध्याकाळी कोपऱ्यावरच्या बारमध्ये बघायलाही मिळायचं नाही.

कारखान्यांनी कायद्याशी भांडण्यापेक्षा त्याच्या मापाने कपडे शिवले. काही राज्यांत फ्री गेम चालत नसे, म्हणून 1960 मध्ये गॉटलीबने 'फ्लिपर' हे मशीन काढलं. जिंकलात तर पुढचा खेळ फुकट नाही, याच खेळात एक गोळी जादा. त्यानंतर एकच आराखडा दोन नावांनी निघू लागला. 1967चं 'किंग ऑफ डायमंड्स' फ्री गेमवालं, त्याचंच भावंड 'डायमंड जॅक' जादा गोळीवालं. जुनं मशीन घेताना नाव ओळखीचं वाटलं नाही, तर आधी ते कुठल्या राज्यात विकलं गेलं होतं ते विचारावं.

न्यूयॉर्कची बंदी 1976 मध्ये उठली. रॉजर शार्प नावाच्या पत्रकाराने नगर परिषदेच्या लोकांसमोर मशीनवर खेळून दाखवलं. गोळी मधल्या फटीतून जाईल असं आधी सांगितलं, दांडा ओढला, आणि गोळी तिथूनच गेली. नशिबाचा खेळ नाही, हाताचा आहे, एवढंच सिद्ध करायचं होतं.

पुढचं सगळ्यांना थोडंफार माहीत असतं, म्हणून भरभर सांगतो. चिप आल्या, व्हिडिओ गेम आले. जपानचा पॅकमॅन अमेरिकेसाठी बॅलीच्याच मिडवे कंपनीने शिकागोच्या परिसरात बनवला. विल्यम्सने 1988 मध्ये बॅलीचा हा सगळा खेळविभाग विकत घेतला. 1992चं 'द अॅडम्स फॅमिली' मशीन 20,270 नग खपलं. आणि ऑक्टोबर 1999 मध्ये विल्यम्सने पिनबॉल बंद केलं, कारण कसिनोच्या स्लॉट मशीनमध्ये पैसा जास्त होता. ज्या धंद्याशी नातं नाही हे सांगण्यात पिनबॉलवाल्यांची अर्धी हयात गेली, कंपनी अखेर त्याच धंद्याकडे वळली. त्याच वर्षी गॅरी स्टर्न यांनी सेगा या जपानी कंपनीचा पिनबॉल विभाग घेतला, आणि काही वर्षं जगात नाव घ्यावा असा तो एकच कारखाना उरला. तोही शिकागोच्याच उपनगरात. आता आणखी काही आहेत. जर्सी जॅक ही कंपनी तर न्यू जर्सीत सुरू झाली आणि शेवटी इकडे शिकागोजवळच राहायला आली.

माझ्या तिघांतलं सगळ्यात जुनं मशीन (कंपनीचं नाव नको, बिचारीचा दोष नाही, पन्नास वर्षं झाली) मागच्या हिवाळ्यात बंद पडलं. खेळायची फळी उचलून उभी केली. वर चित्रं, दिवे, रंग, आणि खाली बोटभर जाडीचा वायरींचा गठ्ठा, मेणाच्या दोऱ्याने दर इंचावर बांधलेला. आजच्या मशीनमध्ये सुमारे अर्धा मैल वायर असते, माझ्यात कमी असेल. हे गठ्ठे टेबलावर वेगळे तयार होत. खिळे ठोकलेल्या फळीवर, बॅगाटेलसारख्याच, एकेक वायर खिळ्यांना वळसा घालत बसवायची, मग दोरा आवळायचा. कारखान्यांच्या जुन्या फोटोंत या कामावर ओळीने बायकाच दिसतात. काचेवर चित्रकाराची सही कधीतरी सापडते, आराखडा कुणाचा ते आता सगळ्यांना पाठ आहे. यांची नावं कुठेच नाहीत. माझ्या फळीच्या खाली फक्त एक शिक्का आहे, जांभळ्या शाईत, 27.

बिघाड गठ्ठ्याच्या आत होता, पिवळ्या पट्ट्याच्या पांढऱ्या वायरीत. नीट करायचं तर सात-आठ गाठी कापाव्या लागल्या असत्या. कात्री हातात घेतली होती. मग ठेवून दिली आणि बाहेरून एक नवी लाल वायर टाकली. दिसायला भिकार दिसते, पण मशीन चालतं. या गणपतीत आलात तर फळी उचलून दाखवतो.